फलकावर काय लावायचं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



प्रवेशाची गुणवत्ता यादी महाविद्यालयाच्या आवारात फलकावर लागायची, ते दिवस तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. शिपाई खळीचा डबा घेऊन यायचा, चार कागद डकवायचा आणि तो बाजूला व्हायच्या आत पाचशे मुलं त्या फलकावर तुटून पडायची. धक्काबुक्की व्हायची, पण पाच मिनिटांत सगळ्यांना आपापला नंबर कळायचा. आता कल्पना करा, की फलकच नाही. फक्त खिडकी आहे आणि आत एकच कारकून. प्रत्येक मुलगा येणार, "यादी द्या" म्हणणार. कारकून उठणार, कपाटातून रजिस्टर काढणार, अख्खी यादी हातानं लिहून काढणार आणि त्याच्या हातात देणार. मग पुढचा. पुन्हा कपाट, पुन्हा रजिस्टर, पुन्हा तीच यादी पहिल्यापासून. दहा जणांनंतर तो कारकून घरी निघून जाईल.

आज आपण पाहतो त्यातली बरीचशी संकेतस्थळं आतून अशीच चालतात. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही नावं तुम्ही ऐकली असतील. यांना आशय व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. नाव भारदस्त आहे, काम सोपं आहे. ज्याला संगणकाची भाषा येत नाही अशा माणसालाही मजकूर लिहून, फोटो चिकटवून तो प्रसिद्ध करता यावा, एवढाच हेतू. ड्रुपल २००१ मध्ये आलं, वर्डप्रेस २००३ मध्ये, जूमला २००५ मध्ये. त्यांच्यामुळे शाळा, ग्रंथालयं, गावोगावची साप्ताहिकं महाजालावर आली. पण सोयीची किंमत अशी, की पान तयार असं कुठे ठेवलेलंच नसतं. तुम्ही पत्ता टाइप केलात की सर्व्हर जागा होतो, डेटाबेसला डझनावारी प्रश्न विचारतो, मथळा इथून, मजकूर तिथून, बाजूचा रकाना आणखी कुठून असं करत पान जुळवतो आणि तुमच्याकडे पाठवतो. तुमच्यामागून आलेल्या माणसाला अगदी तेच पान हवं असलं, तरी जुळवाजुळव पुन्हा पहिल्यापासून.

मी अशा संकेतस्थळांचे सर्व्हर सांभाळण्याचं काम करतो. एरवी कुणाला माझी आठवण होत नाही. निकाल, यादी, निवडणूक असं काही असलं, की फोन सुरू होतात.

यावरचा उपाय फलकाचाच आहे. एकदा जुळवलेलं पान दारातच टांगून ठेवायचं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच दाखवायचं. याला कॅश म्हणतात. रोख पैशांशी या शब्दाचा संबंध नाही. इंग्रजीत उच्चार तोच, पण स्पेलिंग वेगळं आहे, आणि अर्थ लपवून ठेवलेला साठा असा आहे.

हे काम करणारं एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर जन्माला आलं ते एका वर्तमानपत्रासाठी, म्हणून त्याची गोष्ट थोडी सांगतो. नॉर्वेत 'वेर्डेन्स गांग' नावाचं दैनिक आहे. नावाचा शब्दशः अर्थ 'जगरहाटी' असा होतो. आपल्याकडे या नावाचं सदर सहज खपून जाईल. त्यांच्या संकेतस्थळावर इतकी गर्दी व्हायची, की स्क्विड नावाचं जुनं कॅश सॉफ्टवेअर बारा यंत्रांवर चालवूनही ती यंत्रं पूर्ण दमलेली असायची. डेन्मार्कच्या पॉल-हेनिंग कॅम्प या प्रोग्रॅमरनं त्यांच्यासाठी नवं सॉफ्टवेअर लिहिलं आणि २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याचं नाव वार्निश. सुतारकामातलंच वार्निश. बारा यंत्रांच्या जागी तीन आली आणि त्या तिघांचीही नव्वद टक्के ताकद रिकामी राहिली, असं कॅम्प यांनी पुढे लिहिलं आहे. कॅम्प मूळचे ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणारे. स्मृतीत काय ठेवायचं आणि डिस्कवर काय टाकायचं हे ऑपरेटिंग सिस्टीमला आधीच उत्तम कळतं, मग त्यात आपण लुडबुड कशाला करायची, हा त्यांचा मुद्दा. जुनी सॉफ्टवेअर नेमकी ती लुडबुड करत होती.

वार्निशमध्ये मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. समजा, फलकावर कागद नाही आणि एकाच क्षणी हजार माणसं तेच पान मागतात. वार्निश त्यातल्या एकालाच आत पाठवतं आणि बाकीच्या नऊशे नव्व्याण्णवांना म्हणतं, जरा थांबा, हा कागद घेऊन येतोच आहे. आणि आतला सर्व्हर आजारी पडला, तर जुना कागद थोडा वेळ तसाच ठेवण्याचीही सोय आहे. रिकाम्या फलकापेक्षा पाच मिनिटांपूर्वीची यादी केव्हाही बरी.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. आता माझी चूक सांगतो.

एका शिक्षणसंस्थेचं संकेतस्थळ मी पाहत होतो. ते वर्डप्रेसवर होतं. एका वर्षी पहिली यादी लागली त्या सकाळी ते बंद पडलं आणि दुपारी उघडलं. प्राचार्य मला काही बोलले नाहीत, पण त्यांनी कार्यालयाच्या दाराला यादीचे कागद चिकटवले होते, ते मला दाखवले. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१४ च्या जूनमध्ये, मी तयारीत होतो. समोर वार्निश उभं केलं होतं.

अडचण एकच होती. वार्निश स्वभावानं सावध आहे. ब्राउझरकडून येणाऱ्या मागणीबरोबर कुकी असेल, तर ते फलकाकडे बघतच नाही, सरळ आत पाठवतं. कुकी म्हणजे संकेतस्थळानं तुमच्या ब्राउझरकडे दिलेली एक चिठ्ठी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तशी. त्या चिठ्ठीवरून आतल्याला कळतं, की हा माणूस कोण. म्हणून चिठ्ठीवाल्याला सार्वजनिक कागद दाखवू नये, त्याचं काही खासगी काम असू शकेल, हा वार्निशचा विचार. विचार योग्यच आहे. पण किती लोक आले हे मोजणारी यंत्रणासुद्धा प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये चिठ्ठ्या ठेवते. परिणामी प्रत्येक जण चिठ्ठीवाला ठरतो आणि फलक असून नसल्यासारखा होतो.

योग्य उपाय असा, की मोजणीच्या चिठ्ठ्या तेवढ्या ओळखून दारात काढून टाकायच्या आणि लॉगिनच्या चिठ्ठ्या जपायच्या. मी घाईत होतो. मी नियम लिहिला, की कुकी असली तरी फलकावरचं पान दाखव आणि कुठलंही पान आलं तरी पाच मिनिटं ठेव. अपवाद म्हणून लॉगिनचं आणि संपादकांचं अशी दोन पानं काढली. चाचणी केली. पानं डोळ्याची पापणी लवण्याआधी उघडत होती. मी खूश.

त्या आठवड्यात संस्थेनं दुसऱ्या एका मुलाकडून 'माझा अर्ज' नावाचं पान जोडून घेतलं होतं. विद्यार्थ्यानं लॉगिन करायचं आणि आपला भरलेला अर्ज पाहायचा. ते माझ्या अपवादांच्या यादीत नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं, असं मी त्या वेळी सगळ्यांना सांगितलं आणि ते खरंही आहे. पण पूर्ण खरं नाही. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेत लिहिलं आहे, ती भाषा असं खासगी पान पाठवताना सोबत एक सूचना जोडते, की हे पान १९ नोव्हेंबर १९८१ रोजीच शिळं झालं आहे. तारीख चमत्कारिक आहे, पण अर्थ स्पष्ट आहे. हे साठवू नका. म्हणजे त्या पानानं स्वतः येऊन मला सांगितलं होतं, की मी खासगी आहे. कुठलंही पान आलं तरी पाच मिनिटं ठेव, या माझ्या ओळीनं त्याचं तोंड बंद केलं.

सकाळी दहाला यादी लागली. संकेतस्थळ पाण्यासारखं वाहत होतं. पावणेअकराच्या सुमारास माझा फोन वाजला. तालुक्याच्या गावाहून एका विद्यार्थिनीचे वडील बोलत होते. कार्यालयानं त्यांना माझा नंबर दिला होता.

"साहेब, आमच्या पोरीचा अर्ज उघडलाय, पण यात दुसरीच मुलगी दिसतीय. तिचा पत्ता आहे, मोबाईल आहे, बापाचं उत्पन्न आहे, जातीच्या दाखल्याचा नंबर आहे. आमच्या पोरीचंही असंच कुणाला दिसतंय का?"

मी कॅश बंद केली. संकेतस्थळ लगेच कोसळलं, ते बरंच झालं. मग नोंदी काढून बसलो. दहा वाजून काही मिनिटांपासून चाळीस मिनिटं हा प्रकार चालू होता. दर पाच मिनिटांनी जो पहिला विद्यार्थी आपला अर्ज उघडेल, त्याचा अर्ज फलकावर टांगला जात होता आणि पुढची पाच मिनिटं येणाऱ्या प्रत्येकाला तोच दिसत होता. चाळीस मिनिटांत आठ मुलांचे अर्ज. खिडकीतून हातात द्यायचा कागद मी चौकात डकवत होतो.

त्यानंतर दीड वर्षानं, २५ डिसेंबर २०१५ रोजी, संगणकीय खेळ विकणाऱ्या स्टीम या दुकानात नेमकं हेच झालं. नाताळच्या सेलमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. रहदारी सेलच्या सरासरीपेक्षा २००० टक्क्यांनी वाढली. ती थोपवण्यासाठी कॅशची मांडणी घाईनं बदलली गेली आणि त्यात लॉगिन केलेल्या ग्राहकांची पानंही साठवली जाऊ लागली. सुमारे ३४ हजार ग्राहकांची माहिती इतरांना दिसली असेल, असं स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनंच नंतर जाहीर केलं. त्यात घरचे पत्ते होते, खरेदीचा इतिहास होता, कार्डाचे शेवटचे दोन आकडे होते. ती बातमी वाचताना, इतक्या मोठ्या लोकांचंही होतं, असं मला वाटून गेलं. हे वाटणं फारसं अभिमानाचं नाही.

या घटनेत आणखी एक धागा आहे. घाई झाली ती हल्ल्यामुळे. फलक आणि पहारा या दोन गोष्टी आपण वेगळ्या समजतो, पण त्या एकाच दारात उभ्या असतात. वर्डप्रेसचं संकेतस्थळ ज्यांनी चालवलं आहे, त्यांनी सर्व्हरची नोंदवही एकदा उघडून पाहावी. आपल्या गावच्या वाचनालयाचं संकेतस्थळ असलं, दिवसाला वीस वाचक येत असले, तरी लॉगिनच्या दारावर रात्रभर थापा पडत असतात. कुणी माणूस नसतो तो. स्वयंचलित प्रोग्रॅम एकामागून एक पासवर्ड लावून बघत असतात. कधी तर तुमचं घर फोडायचंही नसतं, तुमच्या गच्चीवरून दुसऱ्याच्या घरावर दगड मारायचे असतात. मार्च २०१४ मध्ये उघडकीला आलेल्या एका हल्ल्यात वर्डप्रेसच्या १ लाख ६२ हजारांहून अधिक निरपराध संकेतस्थळांचा असा वापर झाला होता. कुणी आपल्या लेखाचा दुवा दिला तर कळावं, म्हणून वर्डप्रेसमध्ये पिंगबॅक नावाची सोय आहे. तिचाच गैरफायदा. ज्यांच्या गच्चीचा वापर झाला, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नसणार.

मग सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, एवढं पुरेसं नाही का, असं कुणी विचारेल. ते हवंच. पण वेळेचं गणित पाहा. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपलमध्ये एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्यावरची दुरुस्तीही त्याच क्षणी मिळाली. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानं सांगितलं, की घोषणेनंतर सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही, त्यांनी आपलं संकेतस्थळ फुटलं असंच धरून चालावं. ते सात तास आपल्याकडे रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार असे होते. जेवून झोपलेला माणूस उठेपर्यंत खेळ संपला होता.

इथे दारातला पहारेकरी कामाला येतो. आत जाणारी प्रत्येक मागणी तो वाचतो आणि संशयास्पद दिसली तर अडवतो. मॉडसिक्युरिटी हे अशा पहारेकऱ्यांमधलं जुनं नाव, इव्हान रिस्टिच यांनी २००२ मध्ये सुरू केलेलं. पहारेकऱ्याचा उपयोग किती, हे २०१७ मध्ये दिसलं. वर्डप्रेसमध्ये असा दोष सापडला, की लॉगिन न करता कुणीही दुसऱ्याचा लेख बदलू शकत होता. २६ जानेवारीला, आपल्या प्रजासत्ताक दिनी, दुरुस्ती आली, पण दोषाचा गवगवा मुद्दाम केला नाही. तो १ फेब्रुवारीला जाहीर केला. दुरुस्ती येण्याआधीच पहारा पुरवणाऱ्या कंपन्यांना गुपचूप सांगून दाराशी नियम बसवून घेतले. तरीही ज्यांनी ना दुरुस्ती केली ना पहारा ठेवला, त्यांची लाखो पानं नंतर विद्रूप झाली.

पहारेकरी ठेवला म्हणजे झालं, असं मात्र नाही. तो कधी कधी अतिशहाणा असतो. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन गेल्याची बातमी आली, तेव्हा गूगलवर त्या नावाच्या शोधांचा असा लोंढा आला, की काही काळ गूगलच्या यंत्रणेला तो हल्लाच वाटला आणि खऱ्या माणसांना अडवलं गेलं. गर्दी आणि हल्ला दारातून सारखेच दिसतात.

मराठी संकेतस्थळांना तर जरा जास्तच सोसावं लागतं. लेखाचं मराठी शीर्षक पत्त्यात आलं, की देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाची तीन बाइट आणि त्यांची टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस त्यासाठी दोनशे अक्षरांची जागा देतं, म्हणजे बावीस चिन्हांत मराठी शीर्षक संपलं. टक्क्याच्या खुणांनी भरलेला असा लांबलचक पत्ता इंग्रजीवर वाढलेल्या पहारेकऱ्याला संशयास्पद वाटू शकतो. म्हणून मी नवा पहारेकरी पहिले पंधरा दिवस नुसता बसवून ठेवतो. बघ, लिही, पण अडवू नकोस. तशी सोय मॉडसिक्युरिटीत आहे. पंधरा दिवसांनी त्याची वही वाचली, की चोर किती आणि आपलेच लेखक किती, ते कळतं.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण त्या हमखास राहून जातात. कॅश दारात उभी केली, की आतल्या वर्डप्रेसला प्रत्येक पाहुणा कॅशकडूनच आलेला दिसतो. जणू वॉचमननं प्रत्येकाच्या नावापुढे स्वतःचीच सही केली. मग पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला बंदी, असा नियम आत असेल, तर एका टारगटामुळे सगळ्या गावाला बंदी होते. पाहुण्याचा खरा पत्ता आत पोहोचवण्याची सोय असते, ती चालू करावी लागते. दुसरी गोष्ट मागच्या दाराची. पुढे कितीही बंदोबस्त केला आणि मूळ सर्व्हर महाजालावर उघडा राहिला, तर चोर वळसा घालून तिकडून येतो. मूळ सर्व्हरनं फक्त आपल्या कॅशशीच बोलायचं, बाकी कुणाशी नाही. फलकावरचा कागद फाडण्याचा अधिकारही असाच मोजक्या हातांत हवा, नाहीतर कुणीही येऊन फलक रिकामा करत बसेल.

आणि हा पहारा बाहेरच्या कंपनीकडून घेतला, तर तिच्या चुकाही घरात येतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये गूगलच्या टॅव्हिस ऑर्मंडी यांना आढळलं, की क्लाउडफ्लेअर या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरमधून एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या पानांत सांडते आहे. त्यातली काही पानं शोधयंत्रांनी आपल्याकडे साठवूनही ठेवली होती. ती हुडकून पुसावी लागली. म्हणजे तिथेही शेवटी फलकच निघाला.

त्या आठ मुलांचं काय झालं, ते राहिलं. प्राचार्यांचं म्हणणं होतं, की आता बंद झालं ना, मग कशाला बोभाटा? त्यांचा दोष नाही, असं घरी कळवायची तेव्हा कुणालाच सवय नव्हती. पुढे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तशी तरतूद आली. मी त्यांना म्हटलं, चूक माझी आहे, फोनही मीच करतो. दुपारभर आठ घरी फोन केले. काहींना मी काय सांगतोय ते कळलंच नाही. "ॲडमिशन मिळाली ना?" एवढंच त्यांनी विचारलं. एका आईनं मुलीचा मोबाईल नंबर दिसला का, असं तीनदा विचारलं आणि हो म्हटल्यावर फोन ठेवला. त्या मुलीनं पुढच्या महिन्यात नंबर बदलला, हे मला कार्यालयातून कळलं. एका वडिलांनी उत्पन्नाचा आकडाही दिसला का, म्हणून विचारलं. दिसला, म्हटलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "दाखल्यावरचा आकडा आहे तो, दिसला तर दिसू द्या."

तेव्हापासून यादीच्या आदल्या रात्री माझं एक काम ठरलेलं आहे. एक फोन माझा, एक बायकोचा. दोन्हींवर वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करायचं, 'माझा अर्ज' एकाच वेळी उघडायचा आणि दोन्ही पडदे शेजारी शेजारी धरून वाचायचे. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा. बायको म्हणते, एवढ्या वर्षांत काही निघालं नाही, आता पुरे. यंदाही केलं. दोन फोनवर दोन वेगळी नावं होती. मग दिवा मालवला.